सहा नंबरची खोली

आमच्या रविवारच्या मराठी शाळेची खोली गेली. म्हणजे खोली आहे तिथेच आहे, पण दुसऱ्या सत्रापासून ती आम्हाला मिळणार नाही, असं शाळेचं पत्र फेब्रुवारीत आलं. 'आम्हाला' म्हणजे ईस्ट टामाकी, फ्लॅट बुश आणि बॉटनीच्या आसपास राहणाऱ्या वीसेक मराठी घरांना. इथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेतली सहा नंबरची खोली आम्ही गेली तीन वर्षं दर रविवारी दीड तास भाड्याने घेत होतो. चौदा मुलं. त्यातल्या नऊ जणांना 'ळ' म्हणता येत नाही, पाच जणांना येतो पण ती म्हणत नाहीत. शिकवायला कोणाची तरी आई. तीही नसली तर सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली कोणाची तरी आजी. आजी आल्या की हजेरी वाढते, कारण आजी डब्यातून चिवडा आणतात.

पत्र आलं त्या रात्री आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो काही धुरळा उडाला तो काय सांगू! "हे आपल्याच बाबतीत कसं काय?" "इतकी वर्षं टॅक्स भरतो आपण!" "सह्यांची मोहीम काढू." "आपल्या इथल्या नगरसेवकाला भेटायचं का?" (शाळेच्या खोलीशी इथल्या नगरसेवकाचा काडीचा संबंध नसतो, पण सवय जात नाही.) एकाने तर 'हा सरळसरळ वर्णद्वेष आहे' असा निकालही देऊन टाकला आणि त्याला अकरा अंगठे मिळाले. अकरापैकी एक माझा होता. ते लपवण्यात अर्थ नाही.

माझं पोट संशोधनावर चालतं, त्यामुळे रात्री साडेअकराला मला विदा बघायची हुक्की आली. शाळेच्या संकेतस्थळावर शाळा मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं असतात. ती मी आयुष्यात पहिल्यांदा उघडली. ऑक्टोबरच्या बैठकीत नोंद होती : रविवारी दोनदा चोर-अलार्म वाजला, सुरक्षा कंपनीने फेरीचं बिल लावलं, सोमवारी एका वर्गात खाण्याचा चुरा आणि मुंग्या सापडल्या. (चिवडा!) नोव्हेंबरच्या बैठकीत प्रस्ताव : शनिवार-रविवार वर्गखोल्या भाड्याने देणं बंद करावं, पालकांकडून महिनाअखेरीपर्यंत मतं मागवावीत. डिसेंबरच्या बैठकीत : चार मतं आली, चारही प्रस्तावाच्या बाजूने, ठराव मंजूर.

चार मतं. त्यात आमच्यापैकी एकही नाही. मतं मागवणारं वार्तापत्र माझ्या इनबॉक्समध्ये होतं आणि मी ते उघडलंही होतं. सॉसेज सिझलची तारीख बघण्यापुरतं.

आता जरा हे शाळा मंडळ म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण भारतातल्या मित्रांना सांगितलं की ते हमखास म्हणतात, "म्हणजे आपलं पालक-शिक्षक संघासारखं ना?" नाही हो. १९८८ साली ब्रायन पिको नावाच्या व्यावसायिकाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इथल्या शिक्षण खात्याची झाडाझडती घेतली. डेव्हिड लाँगी तेव्हा पंतप्रधान होते आणि शिक्षण खातंही त्यांच्याकडेच होतं. त्यांच्या सरकारने 'टुमॉरोज स्कूल्स' या नावाने सुधारणा आणली आणि १ ऑक्टोबर १९८९ पासून मधली प्रादेशिक शिक्षण मंडळं मोडीत काढून प्रत्येक सरकारी शाळा तिच्या स्वतःच्या निवडून आलेल्या मंडळाच्या हातात दिली. आपल्याकडे एका सकाळी जिल्हा परिषदेचं शिक्षण खातं बंद करून प्रत्येक गावाला 'ही घ्या शाळा, चालवा' म्हणून सांगावं, तसं.

मंडळात साधारणपणे पालकांनी निवडलेले पाच जण, मुख्याध्यापक आणि शिक्षकांचा एक प्रतिनिधी असतात. माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांचाही एक असतो. निवडणूक दर तीन वर्षांनी. शिक्षकांचे पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकार ठरवतं, आणि शाळेचा झोन आखायचं काम २०२० च्या कायद्याने मंडळांकडून काढून मंत्रालयाकडे गेलं. पण मुख्याध्यापक नेमायचा तो मंडळाने. चालू खर्चाचं अनुदान कशावर खर्च करायचं ते मंडळाने ठरवायचं. एखाद्या मुलाला निलंबित केलं तर पुढे त्याचं काय, तेही मंडळच ठरवतं. त्याच २०२० च्या कायद्यात आरोग्यशिक्षणात काय आणि कसं शिकवणार यावर दर दोन वर्षांनी पालकांचं मत घ्यायची अट आहे. 'ह्या वयात मुलांना हे काय शिकवतात!' हा विषय आमच्या प्रत्येक गणपतीच्या जेवणात निघतो. मत घ्यायच्या सभेला मात्र आमच्यातलं कोणी गेल्याचं मला आठवत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : शाळा मंडळावर उभं राहायला किंवा मत द्यायला नागरिक असावं लागत नाही. शाळेत मूल असलं की झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर या निवडणुका झाल्या. आमच्या शाळेत पाच जागांसाठी पाच अर्ज आले, म्हणजे मतदान झालंच नाही. अर्ज मागवल्याची सूचना त्याच वार्तापत्रात होती. सॉसेजच्या वर.

रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. बाबा सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते खो खो हसले. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या २१ व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. कागदावर बघितलं तर इथल्या मंडळापेक्षाही पालकांचं पारडं जड. बाबा म्हणाले, "अरे, बैठकीला कोण यायचं? सुगीत सगळे रानात. मग मीच रजिस्टर काखोटीला मारून घरोघर सह्या घेत फिरायचो. एका घरी चहा, एका घरी ताक. सातवी सही होईपर्यंत सभा संपन्न!" मी हसलो. मग ते सहज म्हणाले, "पण तुझ्याकडे सही घ्यायला कोणी आलं नाही ना? तिथं तुम्हीच जायचं असतं वाटतं." फोन ठेवल्यावरही हे वाक्य मनातून जाईना.

तर मार्चमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मी आणि बायको शाळेच्या लायब्ररीत जाऊन बसलो. मंडळाच्या बैठका जनतेला खुल्या असतात, १९८७ चा कायदाच आहे तसा. फक्त परवानगीशिवाय बोलता येत नाही. आम्ही आधी मेल पाठवून तीन मिनिटं मागून घेतली होती. आम्हाला बघून त्या सात जणांना जो आनंद झाला तो मला चमत्कारिक वाटला. नंतर कळलं की गेल्या दीड वर्षात बैठक बघायला आलेले आम्हीच पहिले.

मी मनात एक चित्र घेऊन गेलो होतो : लांब टेबल, कडक इस्त्रीचे कपडे, आपल्याला खोली नाकारणारे लोक. बघतो तर पहिलीतल्या मुलांच्या ठेंगण्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली सात दमलेली माणसं. अध्यक्षा रुग्णालयात नर्स, ड्यूटीवरून थेट आलेल्या. एक सामोअन गृहस्थ हायब्रुकच्या गोदामातून माल नेणारा ट्रक चालवतात. एक चिनी बाई हिशेब तपासतात, त्यामुळे इथेही हिशेब त्यांच्याच गळ्यात. मानधन म्हणाल तर दोघांच्या हॉटेलच्या जेवणालाही पुरणार नाही. छोट्याशा कराकियाने, म्हणजे माओरी प्रार्थनेने, सुरुवात झाली. मग उपस्थितीचे आकडे, मग हॉलच्या छपराची गळती, मग पन्हाळी.

मग एक विषय आला ज्याने मी सावरून बसलो. शाळा मंडळांनी वाइटांगी कराराची अंमलबजावणी करावी, हे कायद्यातलं बंधन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. १८४० साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात झालेला हा करार. शाळेत त्याचा अर्थ होतो भाषा, रीतिरिवाज, माओरी मुलांची प्रगती वगैरे. बंधन गेल्यावर देशातल्या हजाराहून जास्त शाळांनी 'कायदा काही म्हणो, आम्ही हे करत राहू' असं जाहीर केलं. आमच्या मंडळापुढेही तोच प्रश्न होता. पाऊण तास चर्चा झाली. एक जण म्हणाले, सरकारने ओझं कमी केलंय तर आपण ते पुन्हा डोक्यावर का घ्या? आपलं काम वाचन आणि गणित. दुसऱ्या म्हणाल्या, ज्या मुलाला आपली भाषा शाळेच्या दारातच ठेवून आत यावं लागतं त्याचं वाचनही सुधारत नाही. आवाज चढले नाहीत, पण कोणी कोणाला सोडलंही नाही. शेवटी पाच विरुद्ध दोन मतांनी धोरण कायम राहिलं.

मला जून २०२५ आठवला. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करायचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, जूनमध्ये तो बदलून पुन्हा निघाला, आरडाओरडा झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. तेव्हा आम्ही इथे ऑकलंडमध्ये बसून फेसबुकवर काय लढलो होतो! मातृभाषा, अस्मिता, सगळं झालं. त्या गदारोळात एकाही गावच्या शाळा समितीला कोणी विचारलं नाही. निर्णय मुंबईत झाला आणि मागेही मुंबईतच घेतला गेला. इकडे मात्र माझ्या मुलाच्या शाळेत भाषेबद्दलचा निर्णय माझ्या घरापासून नऊ मिनिटांवर होत होता, हात वर करून. आणि मी तिथे होतो तो खोलीच्या लोभाने!

आमची तीन मिनिटं आली. मी ऑफिसच्या सवयीने चार स्लाइड्स केल्या होत्या. बायको म्हणाली, ठेव त्या. ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मुंग्या आमच्यामुळे झाल्या. अलार्मही आमच्यामुळेच वाजला, किल्ली दर आठवड्याला बदलत्या हातात असायची. तुम्ही विचारलंत तेव्हा आम्ही उत्तर दिलं नाही. तेही आमचंच. पण ह्या खोलीत चौदा मुलं आपल्या आजीशी बोलायला शिकतात." मग सामोअन गृहस्थांनी विचारलं, आमच्या चर्चची मुलंही रविवारी भाषा शिकतात, तुमच्यात किती लिहितात आणि किती नुसती बोलतात? पंधरा मिनिटं त्यावरच गेली. वर्णद्वेषाचा विषय कुठेच निघाला नाही. निघणार कसा? तो माझ्या अकराव्या अंगठ्याखेरीज कुठे नव्हताच.

इथे लोक 'फॉरेनला सगळं कसं सिस्टिमने चालतं' म्हणतात. मीही म्हणायचो, पाहुणे आले की कौतुकाने दाखवायचो. पण सिस्टिम म्हणजे काय, तर ठेंगण्या खुर्च्यांवरची सात माणसं आणि त्यांच्याकडे येणारा फीडबॅक. कुठल्याही नियंत्रण प्रणालीत संवेदकाची तार तुटली तर यंत्र लगेच बंद पडत नाही. ते शेवटच्या मिळालेल्या आकड्यावर गुमान चालत राहतं आणि हळूहळू भरकटतं. आम्ही ती तुटलेली तार आहोत. झोनमधल्या घरासाठी लाखभर डॉलर जास्त मोजू, शाळेचे निकाल तोंडपाठ करू, पण ज्या टेबलावर शाळा चालते तिथे मात्र फिरकणार नाही.

शाळेचं सोडा, गावाचंही तेच. २०१० च्या १ नोव्हेंबरला इथल्या आठ नगरपालिकावजा संस्था मिळून ऑकलंड कौन्सिल झालं आणि खाली २१ लोकल बोर्डं आली. आमचं घर हॉविक लोकल बोर्डात येतं. उद्यानं, वाचनालयं, सभागृहं असले विषय तिथे चालतात, आणि कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतो. इथे रेसिडन्स मिळून सलग एक वर्ष राहिलं की मतदानाचा हक्क मिळतो, नागरिकत्वाची वाट बघावी लागत नाही. मतपत्रिका पोस्टाने घरी येते. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑकलंडचं मतदान तीस टक्क्यांच्या आत राहिलं.

आणि आमच्या शेजारच्याच पापाटोएटोएमध्ये काय झालं ते बघा. तिथल्या लोकल बोर्डाच्या उपविभागाची निवडणूक जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये रद्दच केली आणि नव्याने मतदान घ्यायचा आदेश दिला. ७९ मतपत्रिका खऱ्या मतदारांच्या नकळत भरून टाकल्याचं आढळलं होतं. कोणी केलं, तो पोलिसांचा विषय. माझा प्रश्न वेगळा आहे. टपालपेटीतली मतपत्रिका चोरणाऱ्याला एवढा विश्वास कशाचा होता? याचा, की घरमालकाला ती गेल्याचं कळणारही नाही. पाकीट चोरीला गेलं तर आपण दुसऱ्या मिनिटाला बोंब मारतो. मत चोरीला गेलं तर? आमच्या घरी २०२२ ची मतपत्रिका पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत गेली. ती कोणी चोरली असती तर मी आजही छातीठोकपणे 'इथे असलं काही होत नाही' म्हणत असतो.

तुम्ही म्हणाल, हे फार गुलाबी चाललंय. नाही. या मंडळांवर टीका खूप आहे आणि ती खरी आहे. श्रीमंत वस्तीतल्या शाळेला वकील, सीए, वास्तुरचनाकार फुकट मिळतात. गरीब वस्तीत दोन नोकऱ्या करणाऱ्या आईने बैठकीला यायचं कधी? २०१८ मध्ये बाली हाक यांच्या समितीने सुचवलं होतं की मंडळांची बरीचशी कायदेशीर कामं प्रादेशिक केंद्रांकडे द्यावीत. मंडळांनी हलकल्लोळ केला आणि २०१९ मध्ये सरकारने ती कल्पना सोडून दिली. मला विचाराल तर छपराचं आणि कंत्राटांचं काम नर्सबाईंच्या डोक्यावर असूच नये, ते खात्याने करावं. इंजिनियर म्हणून मला ते सरळसरळ चुकीचं डिझाइन वाटतं. पण कोणाची भाषा वर्गात येणार, कोणासाठी रविवारी दार उघडणार, हे निर्णय लांबच्या कार्यालयात गेले तर आमच्यासारख्या चौदा मुलांचा विषय तिथे पटलावर येईल का? मला शंका आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला काय असतं तेही आपण पाहिलंय. पुण्याच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. मुंबईचंही तसंच. जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. या काळात पुण्याला दोनदा जाऊन आलो. नातेवाइकांनी खड्ड्यांवर, पुरावर, ट्रॅफिकवर तासन्‌तास ऐकवलं, पण 'आम्हाला नगरसेवकच नाही' ही तक्रार एकानेही केली नाही. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना हसलो होतो. आता हसण्याचा हक्क राहिलेला नाही. त्यांच्या हातून निवडणूक काढून घेतली गेली होती. मी मात्र घरात आलेली मतपत्रिका रद्दीत टाकली.

असो. निकाल काय लागला ते सांगतो. खोली पूर्ण परत मिळाली नाही. दुसऱ्या सत्रापुरती, एका सत्राची चाचणी म्हणून मिळाली आहे. अटी तीन : किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे, अलार्म चुकून वाजला तर बिल आमचं, आणि वर्गात खाणं बंद. तिसऱ्या अटीवर सध्या आलेल्या आजी नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, मग मुलं यायची कशाला? त्यावर अजून तोडगा निघालेला नाही, बहुधा बाहेरच्या कट्ट्यावर चिवडा आणि आत बाराखडी असं काहीतरी होईल. सत्र संपल्यावर मंडळ पुन्हा ठरवेल, आणि तेव्हा नाही म्हणालं तर ते आमच्या गैरहजेरीत तरी नसेल.

बैठक संपल्यावर खुर्च्या आवरताना अध्यक्षांनी सहज विचारलं, तुम्ही काम काय करता? मी अनवधानाने खरं सांगितलं. पाण्याच्या प्रवाहावर डॉक्टरेट केलेला माणूस हाती लागल्यावर त्या सोडतात होय! मंडळाच्या उपसमितीत बाहेरचे पालकही घेता येतात म्हणे. तर येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता मी शाळेच्या हॉलच्या छपरावर पन्हाळीचा उतार मोजायला जाणार आहे. ग्रुपवर टाकलंय, शिडी धरायला कोणीतरी या म्हणून.

अकरा अंगठे आलेत. माणूस अजून एकच मिळालाय.